तुमचा एक तास, त्यांची अकरावी

दहावीच्या निकालाचे बोर्ड लागतात, अकरावीच्या पहिल्या चाचणीचे लागत नाहीत. खरी पडझड मात्र तिथेच होते. ती थांबवायला सर किंवा क्लास लागतोच असं नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच रस्त्याने गेलेलं कुणीतरी लागतं, म्हणजे तुम्ही!

निकालाच्या आठवड्यात नौपाड्यातल्या गोखले रोडवरून एक चक्कर मारा. क्लासच्या बोर्डांवर फोटोच फोटो दिसतील. ९५, ९७, ९८ टक्के. फोटोत सगळ्यांचे चेहरे सारखेच, थोडे लाजलेले आणि थोडे झोपाळलेले. बिल्डिंगमध्ये पेढे, फॅमिली ग्रुपवर फुलांचे गुच्छ आणि शेजारच्या काकूंचा ठरलेला प्रश्न, ‘मग, सायन्स ना?’

आता तीन-चार महिने पुढे जाऊ. ज्युनिअर कॉलेजमधली पहिली युनिट टेस्ट. दहावीला नव्वदच्या आसपास असलेली मुलं इथे पंचवीसपैकी आठ-नऊवर आलेली तुम्हीही पाहिली असतील. कदाचित ती तुमच्याच बाकावर बसत असतील. या निकालाचा बोर्ड कुणी लावत नाही आणि घरी तो सांगितलाही जात नाही. ‘अजून रुळतोय’ म्हणत ऑक्टोबर येतो, मग डिसेंबर. मधल्या काळात कुणी सायन्स सोडून कॉमर्सला जातं, कुणी लेक्चरला जायचं बंद करतं. कुणी दोन्ही वर्षं नुसतं फळ्यावरचं उतरवत राहतं.

अशा मुलांना आपण पटकन ‘दहावीचे मार्क फुगलेले होते’ म्हणून मोकळे होतो. मार्क फुगले असतील किंवा नसतील, ज्या मुलाने वर्षभर पहाटे उठून अभ्यास केला त्याची मेहनत तर खोटी नव्हती. त्याला दहावीची तयारी सगळ्यांनी करून दिली. दहावीनंतरच्या वर्गाची तयारी कुणीच करून दिली नाही.

ना शाळा, ना कॉलेज

आपल्या आजी-आजोबांना विचारा. त्यांच्यातले बरेच जण ‘जुनी अकरावी’ झालेले असतील. तेव्हा अकरावी ही शाळेचीच शेवटची इयत्ता होती, ती संपली की मॅट्रिक आणि मग थेट कॉलेज. महाराष्ट्रात १०+२+३ ची रचना आली आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली बॅच बोर्डाच्या परीक्षेला बसली. त्यानंतर अकरावी-बारावी हा मधलाच प्रकार तयार झाला. नाव ज्युनिअर कॉलेज, वय शाळेचं. हजेरी शाळेसारखी लागते, पण वही कुणी तपासत नाही. शिकवण्याचा वेग कॉलेजचा असतो आणि समोरच्या मुलाला ‘पान नंबर ४२ उघडा’ ऐकायची सवय असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ५+३+३+४ अशी रचना सांगितली आहे. त्यात शेवटची चार वर्षं, म्हणजे नववी ते बारावी, हा एकच सलग टप्पा मानलाय. कागदावर ते छान दिसतं. आपल्याकडे मात्र दहावीनंतर शाळा बदलते, मित्र बदलतात, बऱ्याच जणांची भाषा बदलते आणि कल्याण-बदलापूरहून येणाऱ्यांची लोकलही बदलते. टप्पा सलग असला तरी मध्ये ही एवढी मोठी पायरी आहेच.

ही पायरी नेमकी कशाची आहे? थोडं मोकळं करून बघितलं तर तीन गोष्टी दिसतात.

एक : शब्दांची पायरी

नौपाडा, विष्णुनगर, चरई, पाचपाखाडी या पट्ट्यात आजही मराठी शाळा नावाजलेल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच मुलांचं गणित-विज्ञान सेमी-इंग्लिशमुळे इंग्रजीत होतं. पण सगळ्यांचं नाही. पूर्ण मराठीतून दहावी केलेला मुलगा सायन्सला गेला, की पहिल्याच आठवड्यात त्याच्यासमोर परकी वाटणारी माणसं उभी राहतात. गंमत म्हणजे ती सगळी त्याच्या ओळखीची असतात.

त्याला त्वरण येतं, ‘ॲक्सिलरेशन’ ऐकलं की थबकतो. संवेग येतो, ‘मोमेंटम’ नाही. संयुजा पाठ आहे, ‘व्हॅलन्सी’ म्हटलं की पाटी कोरी. अपवर्तनाची आकृती तो डोळे मिटून काढेल, पण ‘रिफ्रॅक्शन’ आणि ‘रिफ्लेक्शन’ यांत कोणतं अपवर्तन आणि कोणतं परावर्तन, यातच त्याचं अर्धं लेक्चर जातं. वर्गसमीकरण, संभाव्यता, अंकगणिती श्रेढी, सगळं झालेलं असतं. त्याला विषय येत असतो, विषयाचं नवं नाव तेवढं माहीत नसतं.

कॉमर्सला वेगळी मजा. मराठीत हिशेबाचे सुंदर जुने शब्द आहेत : रोजकीर्द, खतावणी, तेरीज, घसारा. इंग्रजीतून अकाउंट्स शिकणाऱ्याला हेच जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, डेप्रिसिएशन म्हणून भेटतात. ज्याच्या आजोबांचं दुकान होतं त्याच्या घरी हे शब्द कधीचे राहतात. तरी वर्गात तो ‘मला अकाउंट्स कळत नाही’ म्हणून मागे बसतो.

इथे मराठी शाळेला दोष देऊ नका. आईच्या भाषेत संकल्पना पक्की झालेली असते ही या मुलांची जमेची बाजू आहे. आता फक्त नावांची यादी हवी आहे आणि ती दोन महिन्यांत होते. जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते. राज्याच्या एमएचटी-सीईटीतही फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीसाठी मराठीचा पर्याय आहे. पण त्याच सीईटीचा गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. म्हणजे परीक्षा कुठल्याही भाषेत द्यायची म्हटलं तरी ही यादी टाळता येत नाही.

दोन : सवयींची पायरी

शाळेत नोट्स मिळतात. बाई सांगतात, ‘हे अधोरेखित करा, हे येणार.’ अकरावीत पंचेचाळीस मिनिटं कुणीतरी बोलत असतं आणि त्यातलं काय लिहायचं हे आपणच ठरवायचं असतं. हे कौशल्य आहे आणि ते शिकवल्याशिवाय येत नाही. पहिल्या महिन्यात मुलं एकतर सगळं लिहितात किंवा काहीच लिहीत नाहीत.

मग येतं लॉग टेबल. आठवतंय? बारावी बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यामुळे त्या छोट्या पुस्तकाशी मैत्री अकरावीतच करावी लागते. पहिल्या प्रॅक्टिकलला सर म्हणतात, ‘लॉग काढा’, आणि अर्धा वर्ग शेजाऱ्याकडे बघतो. कॅरॅक्टरिस्टिक, मँटिसा, अँटिलॉग हे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा आपणही घाबरलो होतो. प्रत्यक्षात ते एका दुपारीत येतं. पण ती एक दुपार कुणीतरी द्यावी लागते.

फिजिक्सचं अकरावीचं पुस्तक उघडलंत तर क्रम बघा. पहिला धडा एकके आणि मापन. दुसरा धडा थेट गणिती पद्धती, म्हणजे सदिश आणि कॅल्क्युलसची तोंडओळख. दहावीतून आलेलं मूल अजून कॅन्टीन शोधत असतं आणि वर्गात डेरिव्हेटिव्ह सुरू झालेलं असतं. गणिताच्या तासाला तो भाग यायला तर अजून अवकाश असतो! ज्याला हे आधी कुणीतरी सांगितलंय तो म्हणतो, ‘अच्छा, हा तो धडा.’ ज्याला सांगितलेलं नाही तो म्हणतो, ‘मी ढ आहे.’ दोघांच्या बुद्धीत फरक नसतो.

तीन : ‘अकरावी म्हणजे आराम’

ही अफवा आपणच पसरवतो. ‘अकरावीत काय, बोर्ड नाही, एन्जॉय कर!’ कट्ट्यावर बसून असं म्हणणारे आपण सगळे.

खरं गणित असं आहे. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात १५० प्रश्न आणि २०० गुण असतात. त्यातला सुमारे २० टक्के भाग अकरावीचा, म्हणजे साधारण ४० गुण. जेईई आणि नीटचं तर विचारूच नका, तिथे अकरावी-बारावी दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. सीईटी द्यायची नसली तरी अकाउंट्समध्ये अकरावीची जर्नल एंट्री कच्ची राहिली, तर बारावीचा पार्टनरशिपचा हिशेब कधीच जुळत नाही. अकरावीची परीक्षा कॉलेज घेतं म्हणून ती सोपी वाटते. तिचं बिल बारावीत येतं.

आता कॅलेंडर पाहा. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. निकाल मे महिन्यात. मग केंद्रीय ऑनलाइन प्रवेश. मुंबई विभागात ही पद्धत २००९ पासून आहे आणि २०२५ पासून ती राज्यभर लागू झाली. फॉर्मचा पहिला भाग, दुसरा भाग, दहापर्यंत पसंती, फेऱ्या, यादी. या सगळ्यात अकरावीचा पहिला तास बसायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. म्हणजे चार महिन्यांहून जास्त मोकळा काळ. ज्यांना परवडतं ते ‘व्हेकेशन बॅच’ लावतात आणि अकरावीचे तीन धडे संपवून कॉलेजात शिरतात. ज्यांना परवडत नाही ते कोरे शिरतात. दोघंही एकाच वर्गात, एकाच फळ्यासमोर. ‘सगळ्यांना समान संधी’ म्हणतो ती तिथपर्यंत आधीच वाकडी झालेली असते.

पुलाखाली एक शाळा भरली

हे सगळं वाचून ‘आपण काय करणार’ असं वाटत असेल, तर नौपाड्याच्या हद्दीवरच एक उत्तर आहे. तुम्ही त्यावरून शंभरदा गेला असाल, अगदी शब्दशः.

तीन हात नाका. वरून उड्डाणपूल, खाली सिग्नल. गाड्या थांबल्या की काचेजवळ येणारी मुलं आपण लहानपणापासून बघतोय. गजरे, पेनं, गाड्या पुसायची फडकी. त्यांतली बरीच कुटुंबं दुष्काळामुळे मराठवाड्यासारख्या भागांतून आलेली, बरीच पारधी समाजातली. २०१६ च्या जूनमध्ये याच पुलाखाली ‘समर्थ भारत व्यासपीठ’ या संस्थेने ठाणे महापालिकेच्या साथीने सिग्नल शाळा सुरू केली. वर्ग कुठे? कंटेनरमध्ये. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांपाशी न्यायची, असा सरळ हिशेब.

सुरुवात पुस्तकांनी झाली नाही. आधी आंघोळ, गणवेश, नाश्ता, मग अभ्यास. ज्यांना घरच नाही त्यांना ‘घरी अभ्यास कर’ म्हणून कसं चालेल? म्हणून शाळेतच जास्त वेळ थांबायची सोय. यातल्या बहुतेक मुलांची घरची बोली वेगळी, प्रमाण मराठी हीच त्यांची पहिली ‘परकी’ भाषा. तरी दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, या शाळेतल्या दोन मुलांनी दहावीची परीक्षा दिली आणि दोघंही पास झाली. पुढे इथली मुलं इंजिनीअरिंगच्या डिप्लोमापर्यंत पोहोचली.

आपल्यासाठी यात काय आहे? एकच, पण मोठं. या शाळेने ‘मुलं हुशार आहेत का’ हा प्रश्न आधी विचारलाच नाही. ‘यांच्या अभ्यासाच्या आड काय येतंय’ हा विचारला. जागा आड येत होती तर जागा दिली. भूक आड येत होती तर जेवण दिलं. तुमच्या बिल्डिंगमधल्या किंवा तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या मुलीच्या आड कदाचित फक्त पन्नास इंग्रजी शब्द येत असतील. नाहीतर एक लॉग टेबल.

ठाण्यातच दुसरं उदाहरण आहे. ‘समता विचार प्रसारक संस्था’ अनेक वर्षांपासून झोपडपट्टीत राहून, कामं करून, अडचणीतून दहावी झालेल्या मुलांचा ‘एकलव्य’ म्हणून गौरव करते. इथे टक्के बघत नाहीत, परिस्थिती बघतात. गौरव झाला, ट्रॉफी मिळाली, टाटा बाय बाय, असंही होत नाही. पुढच्या शिक्षणासाठी मार्गदर्शन चालू राहतं आणि आधीच्या वर्षांचे एकलव्य पुढच्या मुलांसाठी कार्यकर्ते म्हणून उभे राहतात. ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरींनी याच मुलांना घेऊन ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तिथे मुलं स्वतःच्या वस्तीच्या गोष्टी स्वतः लिहून सादर करू लागली. जी मुलं वर्गात हात वर करायला घाबरायची ती स्टेजवर बोलू लागली. कॉलेजच्या तयारीत हेही येतं, बरं का. ‘सर, कळलं नाही’ हे तीन शब्द मोठ्याने म्हणता येणं ही अकरावीची अर्धी तयारी आहे.

मग तुम्हीच का?

कारण सरांना अकरावी अवघड का जाते हे आठवत नाही. तुम्हाला आठवतं.

वरच्या वर्गातल्या मुलाने खालच्याला शिकवणं ही काही परदेशातून आलेली फॅशन नाही. पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं लहान मुलांना धुळाक्षरं गिरवायला शिकवत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथाश्रमात अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्रीने मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवायला लावली आणि मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतलं. १७९७ मध्ये त्याने यावर पुस्तिका लिहिली आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती इंग्लंडच्या शाळांत पोहोचली. अमेरिकेत १९६० च्या दशकात ‘अपवर्ड बाउंड’ नावाची सरकारी योजना सुरू झाली, ती आजही चालू आहे. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही किंवा ज्यांच्या घरी पैशांची ओढाताण आहे, अशा हायस्कूलच्या मुलांना कॉलेजसाठी तयार करायचं, हा तिचा हेतू. म्हणजे हा प्रश्न फक्त आपला नाही आणि ‘मार्क कमी म्हणजे डोकं कमी’ हे उत्तर तिकडेही पुरलं नाही.

तुमच्याकडे तीन गोष्टी आहेत ज्या क्लासकडे नाहीत. तुम्ही कुठे अडकलात ते तुम्हाला ताजं आठवतंय. तुमच्यासमोर ‘मूर्ख प्रश्न’ विचारायला लाज वाटत नाही. आणि तुमची जुनी पुस्तकं, वह्या, जर्नल्स माळ्यावर पडलेली आहेत, ती आई येत्या दिवाळीत रद्दीत देणारच आहे!

‘आमच्याच परीक्षा असतात हो,’ हे मान्य. म्हणून आठवड्याला एकच तास मागतोय. शिवाय दुसऱ्याला समजावताना आपला पाया किती कच्चा आहे हे जेवढं कळतं तेवढं कुठल्याच परीक्षेत कळत नाही. एनएसएसमध्ये असाल तर दोन वर्षांत २४० तास पूर्ण करायचे असतात. असं काम त्यात बसतं का, हे तुमच्या प्रोग्रॅम ऑफिसरना नक्की विचारा. नव्या धोरणाच्या क्रेडिट रचनेतही समाजात जाऊन करायच्या कामाला जागा आहे. पण क्रेडिटसाठी सुरू केलंत तरी चालेल, क्रेडिट मिळाल्यावर सोडू नका.

आठ शनिवार : एक साधा आराखडा

तुमच्या परीक्षा संपल्या की सुरू करा. दोन मित्र मिळून तीन-चार मुलं घ्या. एकट्याने एकाला शिकवण्यापेक्षा ते बरं पडतं, सुट्टी घ्यावी लागली तरी गाडी थांबत नाही.

पहिला शनिवार : फक्त ऐका. कोणती शाखा, का, कोणत्या विषयाची भीती, घरी अभ्यासाला जागा आहे का, मोबाइल कुणाचा आहे. वही काढू नका.

दुसरा : शब्दांची वही. ई-बालभारतीच्या साइटवर दहावीची मराठी आणि इंग्रजी माध्यमाची पुस्तकं फुकट डाउनलोड करता येतात. धडे तेच, आकृत्या त्याच, क्रमही तोच. दोन्ही शेजारी ठेवा. आलेला धडा इंग्रजीत वाचायला लावा. नवीन काही शिकायचं नाही, ओळखीच्या माणसांची नवी नावं लिहायची. दर आठवड्याला चाळीस-पन्नास शब्द पुरे.

तिसरा : दहावीच्या गाळलेल्या जागा. बीजगणिताची सूत्रं, अपूर्णांक, घातांक, त्रिकोणमितीची सुरुवात. कॉमर्सवाल्यांसाठी टक्केवारी आणि व्याज. बोर्डाच्या वेळी ‘ऑप्शनला टाकलेला’ भाग कोणता ते विचारा. अकरावी नेमकी तिथेच बोट ठेवते.

चौथा : नोट्स घेणं. यूट्यूबवरचं दहा मिनिटांचं कुठलंही लेक्चर लावा. न थांबवता बघायचं आणि अर्ध्या पानात लिहायचं. मग तुम्हीही लिहिलेलं दाखवा. दोन्ही पानं शेजारी ठेवलीत की वेगळं काही शिकवावं लागत नाही.

पाचवा : लॉग टेबल किंवा जर्नल एंट्री. सायन्सवाल्यांना लॉग टेबलावर दहा गुणाकार-भागाकार. कॉमर्सवाल्यांना कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीचे दिवसाचे व्यवहार लिहायला द्या : पाव उधार आणले, गॅस रोखीने भरला, विक्री झाली. डेबिट-क्रेडिट पुस्तकातल्या ‘मोहन अँड सन्स’पेक्षा इथे लवकर कळतं. आर्ट्सवाल्यांना वर्तमानपत्रातला एखादा अग्रलेख वाचून पाच ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहायला द्या.

सहावा : अकरावीचा पहिला धडा. तुम्ही शिकवू नका, त्यांना वाचू द्या. न कळलेल्या ओळींवर पेन्सिलने खूण. तुम्ही फक्त खुणांवर बोला.

सातवा : कॉलेजची ओळख. जर्नल म्हणजे काय, सबमिशन म्हणजे काय, प्रॅक्टिकलला कसं बोलायचं, लायब्ररी कार्ड कसं काढायचं. प्रवेशाची कागदपत्रंही तपासा : शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. ज्यांना आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्ती मिळाली होती त्यांना वर्षाला १२,००० रुपये बारावीपर्यंत मिळू शकतात, पण त्यासाठी नूतनीकरण करावं लागतं. अनेक घरांत हे माहीतच नसतं.

आठवा : एक खोटी युनिट टेस्ट. पंचवीस गुण, एक तास. कमी मार्क पडणारच. इथे पडू द्या, म्हणजे कॉलेजात पडले तर आभाळ कोसळणार नाही.

त्यानंतर पहिली खरी युनिट टेस्ट होईपर्यंत आठवड्यातून एक फोन. एवढंच.

थोडं सांभाळून

ही मुलं तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान आहेत, पण अज्ञान आहेत. आई-वडिलांना भेटून, सांगूनच सुरू करा. बसायचं ते उघड्या, सगळ्यांना दिसेल अशा जागी. सोसायटीचं ऑफिस, शाळेने परवानगी दिली तर शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप. अभ्यासिका सोयीची वाटते, पण तिथे बोलता येत नाही आणि शेजारचे स्पर्धा परीक्षावाले दादा डोळे वटारतात. वाचनाची सवय लावायला मात्र वाचनालयात जरूर न्या. १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय असलेलं गाव आहे आपलं!

शाखा तुम्ही निवडून देऊ नका. ‘मी सायन्स घेऊन पस्तावलो, तू घेऊ नको’ हा सल्ला तुमच्याबद्दल सांगतो, त्याच्याबद्दल नाही. माहिती द्या, निर्णय त्यांना आणि घरच्यांना घेऊ द्या. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडे बदलतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं, असे नियम त्यात असतात. म्हणून ‘आमच्या वेळी असं होतं’ हे वाक्य फॉर्म भरताना तोंडातून काढायचं नाही. त्या वर्षीची अधिकृत सूचना उघडून सोबत वाचा.

आणि असाइनमेंट करून देऊ नका. कितीही ‘ताई, प्लीज’ म्हणाले तरी.

कुणापासून सुरू करायचं?

लांब जायची गरज नाही. वॉचमन काकांचा मुलगा, पोळ्या करणाऱ्या काकूंची मुलगी, तुमच्या जुन्या शाळेतला दहावीचा वर्ग. तुमच्या शाळेच्या बाईंना फोन करा आणि विचारा, यंदाच्या बॅचमध्ये घरात पहिल्यांदाच कॉलेजला जाणारं कोण आहे? बाईंना नावं पाठ असतात. तुम्ही फोन केल्याचा आनंद होईल तो वेगळाच. संस्थेबरोबर काम करायचं असेल तर ठाण्यात अशा संस्था आहेत, दोन वर सांगितल्याच. स्वतःची संस्था काढून लोगो बनवण्यात दोन महिने घालवू नका.

राम मारुती रोडवर दिवाळी पहाटेला आपण हजारोंनी जमतो. कुणी बोलावत नाही, तरी येतो. त्यातल्या शंभर जणांनी जरी मे ते जुलै फक्त आठ शनिवार काढले आणि प्रत्येक जोडीने चार मुलं घेतली, तर या एका वर्षात दोनशे मुलं अकरावीच्या वर्गात ‘हा धडा मला माहितीये’ म्हणत बसतील. पहिल्या बाकावर नसतील कदाचित. पण सर जेव्हा विचारतील, ‘एनी डाउट?’, तेव्हा त्यांतले निदान काही जण हात वर करतील.

तर या शनिवारी तो फोन करताय ना?